डाव्या हाताची कातर

उज्ज्वलाच्या फोनवर 'पार्सल पोचलं' असं येऊन सोळा दिवस झाले होते. पार्सल काही आलं नव्हतं, आणि आज मेंढरांची कातरणी होती.

धारूरच्या अलीकडं माळावर मेंढरं बसली होती. काल ओढ्यात धुतलेली, आज खडखडीत वाळलेली. शेजारच्या कळपांतले मेंढके आपापल्या कातरी घेऊन सकाळीच आले होते. एकमेकांच्या कातरणीला असं जायचंच असतं. दगडाबाईनं पहिल्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला आणि गुळाची ढेप फोडून ठेवली. ज्याची ज्याची पहिली मेंढी कातरून होईल, त्याच्या त्याच्या हातावर ती गुळाचा खडा ठेवणार होती.

"म्हाळू, चल. पाय धर," शेजारच्या कळपातला म्हातारा हरिबा कातर सरसावत म्हणाला.

म्हाळूनं पाय धरले. दगडाबाईचा हा थोरला. स्वतःच्याच मेंढरांचे पाय दर वर्षी तो धरायचा आणि कातरायचे दुसरे. म्हाळू डावखुरा होता. लहानपणी दगडाबाईनं पळीचे फटके देऊन त्याला उजव्या हातानं जेवायला शिकवलं, पण त्या हातात कातर काही चालली नाही. डाव्या हातात धरली, तर पाती एकमेकांपासून फाकायची आणि लोकर मधेच मुडपून बसायची. चाळिशी आली, तरी मेंढक्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला मेंढरू कातरता येत नव्हतं. कुणी हसलं की तोही हसायचा, पण मनातून त्याला फार लागायचं.

डावखुऱ्यांसाठी वेगळी कातर असते, पाती उलटी लावलेली, हे त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, मोबाईलवर शोधून काढलं. विलायतेत मिळत होती. तिनं मागवली. पत्ता विचारला, तेव्हा त्या दिवशी मेंढरं जिथं खतासाठी बसवली होती तोच तिनं देऊन टाकला: बंकटचं शेत, घाटनांदूर. कातर समुद्र ओलांडून येईपर्यंत मेंढरं पाच मुक्काम पुढं गेली. बंकटला तिनं चारदा फोन केला. चारही वेळा तो "बगतो वैनी, बगतो" म्हणाला आणि घाईनं फोन ठेवला.

"जाऊ दे आता," पाय धरल्या धरल्या म्हाळू म्हणाला. "समुद्रात पडली आसंल."

"समुद्रात पडलेल्याला पोचलं म्हनत्यात व्हय?" उज्ज्वला म्हणाली.

तेवढ्यात माळावर मोटारसायकल आली. बंकटच होता. गाडी लावून तो जवळ आला, पण मान वर करीना. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"वैनी, माफ करा. खोकं माझ्याकडंच आलतं."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"कसं सांगू? विलायतेची कातर म्हून समद्या गावानं पारावर उघडून बगितली. अकरा जणांनी चालवली. लोकर सोडा, सुतळी बी कापंना. मला वाटलं, आमीच बिघडवली. मग नीट करूनच द्यावी म्हनलं."

उज्ज्वला पुढं झाली. "नीट करून म्हंजी? काय केलं तुमी?"

"लोहाराकडं नेली. म्हनलं, पाती फिरवून दे."

म्हाळूच्या हातातून मेंढीचे पाय सुटले. अर्धी कातरलेली मेंढी उठून पळाली. तिच्यामागं कुणी गेलं नाही.

"फिरवली?" म्हाळूनं विचारलं.

"न्हाई ना! दोन दिवस ठिवून घेतली, आन उलटं मलाच रागावला. म्हनला, कातर लई चांगली हाय. तुमी अकरा जण चुकीचे हाव. बारावा माणूस आण."

उज्ज्वला मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बंकटला काही कळेना, तरी तोही हसू लागला.

म्हाळूनं फडकं सोडलं. कातर डाव्या हातात घेतली आणि एकदा हवेतच चालवली. पाती अशी चपखल मिळाली, की त्यानं पुन्हा चालवून बघितली. मग पळालेली मेंढी त्यानं स्वतःच धरून आणली.

"पाय कोण धरतंय?"

हरिबानं आपली कातर बाजूला ठेवली आणि खाली बसून पाय धरले.

म्हाळू हळूहळू कातरत गेला. पोटापासून पाठीकडं लोकर सलग उतरत आली, कुठं मुडपली नाही, कुठं कातडीला लागली नाही. मधेच तो एकटाच मोठ्यानं हसला. मेंढी उठून उभी राहिली, तेव्हा तिची एक बाजू हरिबानं कातरलेली होती आणि एक म्हाळूनं. कुठली कुणाची, ते हरिबालाही सांगता आलं नसतं.

दगडाबाई गूळ घेऊन आली. म्हाळूनं सवयीनं कातर खाली ठेवली, उजवा हात धोतराला पुसला आणि पुढं केला.

"त्यो न्हाई," दगडाबाई म्हणाली. "ज्यानं काम केलं, त्यो आण."

म्हाळूनं डावा हात पुढं केला. तिनं त्यावर गुळाचा खडा ठेवला, आणि क्षणभर तो हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

तिनं हात सोडल्यावर म्हाळूनं आधी आजूबाजूला पळी नाही ना ते बघितलं, आणि मग गूळ तोंडात टाकला.