टोचलेलं नाक

धोंडीरामनं मुलाची बॅग अंगणात भिरकावली. मुली बघू नका, मी माझ्या मित्राबरोबरच आयुष्य काढणार, असं निनादनं नुकतंच सांगितलं होतं.

“आईच्या पदराखाली वाढला, म्हणून असा निपजला,” धोंडीराम बायकोवर ओरडला.

त्याची थोरली बहीण अक्का मेथी निवडत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून तिनं साठीच्या भावाचं नाक चिमटीत धरलं.

“हे भोक कसलं रे, धोंड्या? तुझ्याआधीचे दोन मुलगे दगावले, म्हणून आईनं नवस बोलून तुला मुलगी म्हणून वाढवलं. परकर, नाकात चमकी. वेण्या तर मीच घालायचे. मग तुला का नाही आवडले पुरुष?”

“काहीतरीच काय, अक्का. मी रोज परकर फेडून पळायचो.”

“पळायचासच. तुझा पिंडच निराळा. ह्याला तू लहानपणापासून तालमीत घातलंस, ह्याचा बदलला का?”

धोंडीरामनं तिच्या चिमटीतून नाक सोडवून घेतलं.

“शेवटी आईनं नवसाची भीती गिळली आणि तुला चड्डी शिवली,” अक्का म्हणाली. “अंगणात नाही फेकलं. जा, बॅग आत आण.”