मलम, इंजेक्शन की ऑपरेशन

डॉक्टर बराच वेळ बोलत होते. वृंदा मध्येच काही विचारत होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा सुशील मान डोलवत जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो-हो, म्हणत होता. टोकियोच्या निशी-कसाईत दहा वर्षं काढूनही त्याची जपानी तेवढ्यावरच थांबली होती. ऑफिसचं काम पुण्याच्या टीमशी, इंग्रजीत. मीटिंगमध्ये जपानी साहेब बोलायला लागले की मान हलवून हाय म्हणायचं, हे मात्र अंगवळणी पडलं होतं. बाकी वॉर्ड ऑफिस, शाळा, कचऱ्याचे वार, सगळं वृंदा बघायची.

"काय म्हणाले?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"मला आतली मूळव्याध आहे. मलम, इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनला आठ-दहा दिवस ॲडमिट व्हावं लागतं."

"एवढे? पुण्यात दुसऱ्या दिवशी घरी सोडतात."

"इथे नाही सोडत," वृंदा म्हणाली.

घरी दोन खोल्यांत आठवडाभर यावर खल झाला. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी सुरण आणि ताक सुचवलं, आणि टोकियोत सुरण शोधायचं कामही वृंदाकडेच आलं. सुशीलने इंजेक्शनचा धोशा लावला. शुक्रवारी टोचायचं, सोमवारी उभं राहायचं. मधल्या दिवसांत घराचं कसं होणार, हे तो मोठ्याने विचारत नव्हता इतकंच.

वृंदाचा दिवस ठरलेला. पहाटे डबे, मग बेंतोच्या, म्हणजे विकायच्या तयार डब्यांच्या, किचनमध्ये पार्ट-टाइम, आल्यावर पुन्हा ओटा. बसताना दुखतं असं ती सांगायची, पण तिला बसलेलं कोणी पाहिलं होतं?

"पुढच्या वेळी मी येते," मुलगी केतकी म्हणाली. तिला जपानी मराठीपेक्षा बरी यायची. वृंदाने तिला दटावलं. असल्या दुखण्याला लेकीने कशाला यायचं? बाबा पुरे आहेत.

दुसऱ्या भेटीनंतर जिन्यातच तिने सांगून टाकलं.

"इंजेक्शनने भागणार नाही. कापावं लागेल."

सुशीलचा चेहरा उतरला. आपण वेळीच लक्ष दिलं नाही, असं तो आईजवळ बोलला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आत वृंदाला सगळं ऐकू आलं. तरी ती भाज्या करून फ्रीजरमध्ये भरत राहिली.

हॉस्पिटलची खोली लहान होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं. वृंदाने पलंगावर पाठ टेकली. दिवसाउजेडी आडवं होऊन तिला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. नर्सने जेवणाच्या वेळा सांगितल्या, त्या तिने मन लावून ऐकल्या. ताट इथेच आणून देतात ना, हे तिने पुन्हा विचारून घेतलं.

"भीती वाटतेय?" सुशीलने विचारलं.

"वाटतेय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मग डॉक्टर आले. या खेपेला ते सुशीलकडे बघून सावकाश बोलले आणि थांबले. सुशील सरसावून उभा राहिला. "हाय." डॉक्टरांनी क्षणभर वृंदाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. "हाय, हाय," सुशील कमरेत वाकून म्हणाला. डॉक्टर मान हलवून निघून गेले.

"काय म्हणाले?"

"काळजी करू नका म्हणाले. तू नीघ आता, केतकी घरी येईल."

तो गेल्यावर वृंदाने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले होते, "पहिल्या दिवशी सांगितलं तेच पुन्हा सांगतो. एवढ्याशा त्रासाला मलम पुरेल, यांना आत्ताही घरी न्या. इथे आठ-दहा दिवस पडून राहायला मिळावं म्हणून तुमच्या पत्नी कापून घ्यायला तयार आहेत. तुम्हाला हे चालेल?"