भिंतीतलं भगदाड

साहेब, घर पडायला आलंय असं धडधडीत खोटं सांगून तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत. काल त्याच घरात, तुमच्या ‘आदिवासी संस्कृती ग्रामात’, मी आणि आई तिकीट काढून शिरलो. गाईड सगळ्यांना मागच्या भिंतीतलं भगदाड दाखवत होता. “आत्म्याला जायला वाट! या लोकांची जुनी प्रथा.”

“मावशी, सरका ना, फोटोत येताय,” कुणीतरी म्हणालं.

आई हलली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “कसली प्रथा रे? भिंत पाडायला मशीन आलं, तरी याचा बाप तिला टेकून बसून राहिला. तिथेच गेला.”

गाईड ओशाळला. “मला ऑफिसच्या कागदात असंच लिहून दिलंय.”

त्या कागदावर सही तुमची आहे, साहेब. सांगा, ही प्रथा आमची की तुमची?