वाक्यात उपयोग

सून परभाषिक होती. भाजी निवडता निवडता सासूबाई तिला रोज एक नवा शब्द शिकवायच्या. आज ‘साग्रसंगीत’ची पाळी होती.

“म्हणजे जेवताना गाणी लावायची?” सुनेनं विचारलं.

सासूबाईंना हसू आवरेना. “गाणी कसली गं! ऐसपैस बसायचं, गरमागरम वाढून घ्यायचं आणि काही म्हणजे काही सोडायचं नाही. तुझे सासरे जेवायचे ना, अगदी तसं. हं, आता वाक्य कर बघू.”

“काल दुपारी तुम्ही बाजारात गेल्यावर बाबा साग्रसंगीत जेवले.”

“‘जेवले’ नाही गं, ‘जेवायचे’. त्यांना जाऊन वर्ष झालं.”

“जेवायचे म्हणजे नेहमी, पूर्वी?”

“हो.”

“मग ‘जेवले’च बरोबर आहे, आई. कालच पहिल्यांदा आले होते. मी फोटोवरून ओळखलं. जाताना म्हणाले, उद्या हिचंही ताट वाढ, जेवून दोघं बरोबरच निघू.”

सासूबाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, मग बसलीस काय अशी? ऊठ, गॅस पेटव.”