साडेचार मीटरवरचा समुद्र

तिसरी काचपट्टीही तशीच निघाली, तेव्हा तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला आणि डोळे चोळले. गोड्या पाण्यातल्या डायटम या सूक्ष्म शैवालाची नाजूक कवचं पट्टीवर खच्चून भरली होती. समुद्रातल्या जिवाचं मात्र औषधालाही एक नव्हतं.

तळ्याच्या याच गाळात, साडेचार मीटर खोल, समुद्री जिवांची कवचं सापडली, म्हणून तर तिच्या सरांनी एकतीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, की एके काळी समुद्र इथवर होता. सरांचं नाव झालं ते त्यावर. आता नवी मुलं त्या समुद्राचा किनारा शोधत हिंडत होती.

तिने कपाटातून जुनी नोंदवही काढली. तळ्याच्या गाळाआधी, त्याच आठवड्यात, त्याच चाळणीतून खाडीचा गाळ चाळला होता. पुढे 'चाळणी धुतली' अशी नोंद आणि सही. सही तिचीच.

प्रयोगशाळेतली तिची नोकरी दोन महिन्यांत संपणार होती. तेव्हाचा उरलेला गाळ फेकून दिला असता, तर विचारायला कुणी आलं नसतं. तिने मात्र एक पत्र लिहिलं, नोंदवहीबरोबर पिशवीत घातलं आणि सरांच्या घरी निघाली.

सर खिडकीशी आरामखुर्चीत होते. सुजलेले पाय स्टुलावर. वहिनींनी चहा आणून ठेवला.

"सर, आपला समुद्र चाळणीतून आला होता." आढेवेढे घ्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. चार जिने चढून आली होती.

सरांनी नोंदवहीचं ते पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"चाळणी तू धुतलीस."

"हो. नीट धुतली नसणार."

"आणि कवचं कुणी मोजली?"

"तुम्ही."

"अकरा होती. फक्त अकरा. तू म्हणालीस, सर, पुन्हा एकदा करून बघू या का?"

तिला हे आठवत नव्हतं.

"मी म्हणालो, कशाला?" सर म्हणाले. "इतकी वर्षं मला ते ऐकू येतंय."

तिने पत्र पुढे केलं. तो शोध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना होतं. शेवटचं वाक्य होतं, 'ही चूक माझी आहे.' सरांनी चष्मा वर सरकवला, तिची सही खोडली आणि तिथे स्वतःची केली.

"वाक्य बरोबर होतं," ते म्हणाले. "सही तेवढी चुकली होती."

तिने काही बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी हातानेच थांबवलं. चहा निवून गेला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

"मग तिथे होतं तरी काय?"

"डबकं, सर. लव्हाळ्याला चिकटून राहणाऱ्या जातीच जास्त आहेत."

"खोल?"

"गुडघाभर असेल."

सर खुर्चीत मागे रेलले. हसले, की धाप लागली, ते तिला कळलं नाही.

"म्हणजे गुडघाभर पाण्यात एकतीस वर्षं पोहलो म्हणायचं."

"आणि मी मेली काठावर कपडे सांभाळत बसले," वहिनी म्हणाल्या, आणि रिकामे कप उचलून आत गेल्या.