सरांची विद्यार्थिनी

कटरे सरांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. दहावीचा निकाल लागला होता. आधी त्यांनी खुशीचा पाहिला, मग रेणूचा. खुशी त्यांची मुलगी, गोंदियातल्या नावाजलेल्या खासगी इंग्रजी शाळेतली. रेणू त्यांची विद्यार्थिनी. गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या ज्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये ते गणित शिकवत, तिथली. खुशीला एक्क्याऐंशी टक्के पडले होते. रेणूला चौऱ्याण्णव.

हेडमास्तरांचा फोन आला. तुमच्या वर्गातली पोरगी चमकली म्हणाले. मग सरपंचांचा आला, मग सोबतच्या दोन शिक्षकांचा. सर सगळ्यांना “हो, मेहनती आहे पोरगी” म्हणत राहिले आणि प्रत्येक फोननंतर त्यांचं तोंड जास्तच कडू होत गेलं. खुशी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. दुर्गेश्वरी, त्यांची बायको, दोनदा दार वाजवून परत आली होती.

शिक्षकांच्या खोलीत सरकारी शाळा आणि खासगी शाळा असा वाद निघाला की कटरे सर नेहमी खासगीच्या बाजूने बोलत. आपल्या शाळेतली मुलं हुशार असतील, पण शाळा म्हणावी तर ती, असं त्यांचं म्हणणं. खुशीच्या शाळेसाठीच त्यांनी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला घर घेतलं होतं. दारासमोर शाळेची बस येई. संध्याकाळी गणिताची वेगळी ट्यूशन, विज्ञानाची वेगळी. खुशीला स्वतः शिकवायला सर कधी बसले नव्हते. आणि इकडे त्यांच्या शाळेत पाऊस पडला की पत्र्याच्या आवाजात शिकवलेलं ऐकू येत नसे, म्हणून ते शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून घेत. रेणू रोज थांबायची. तिने एखादं उदाहरण वेगळ्याच रीतीने सोडवलं की सर घरी जेवताना कौतुकाने सांगत.

तीच रेणू आता त्यांना सहन होत नव्हती. परीक्षेचं सेंटर ढिलं असेल, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. मग त्यांनाच ते खोटं वाटलं. रेणूचं गणित त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी भर उन्हात रेणू आणि तिची आई एसटीने फुलचूरला आल्या. अनुसयाबाई ठेक्याने घेतलेल्या भातशेताच्या बांध्यांमध्ये धान लावायची आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची. तिने पळसाच्या पानात बांधून जंगलातली पिकली चारं, चारोळीची फळं, आणली होती. रेणू सरांच्या पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुर्गेश्वरीने पाणी दिलं. अनुसयाबाई खुर्चीवर बसेना, खालीच बसली. बराच वेळ ती गावातल्या लोकांचं सांगत राहिली, कोण कोण घरी येऊन गेलं ते. मग तिने आल्याचं कारण काढलं.

“सर, पोरगी गोंदियाले सायन्स घेतो म्हनून रायली. आमाले त्यातलं का समजते? तुमी म्हनान तसंच करू.”

रेणू सरांकडे पाहत होती. सर काय म्हणणार, याची तिला जराही शंका नव्हती. म्हणून तर तिने आईला इथवर आणलं होतं.

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या निकालाला पुन्हा रेणूचे आणि खुशीचे मार्क शेजारी शेजारी ठेवून लोक बोलतील, हे त्यांना दिसत होतं.

“सायन्स तिला झेपणार नाही बाई,” ते म्हणाले. “दहावीच्या मार्कांवर जाऊ नका. गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्सला टाका. जाण्यायेण्याचा त्रास वाचते.”

रेणूचा चेहरा एकदम उतरला. अनुसयाबाईने मान हलवली. सर म्हणतात तर बरोबरच असेल, असं ती लेकीला हळूच म्हणाली आणि पदर सावरत उठायला लागली.

आतलं दार उघडलं. कालपासून बंद खोलीत असलेली खुशी बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने रेणूला याआधी कधी पाहिलं नव्हतं. नाव मात्र ती दोन वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकत आली होती. ती सरळ रेणूसमोर जाऊन उभी राहिली.

“पप्पांचं ऐकू नको. सायन्सच घे.”

सर ताडकन उठले. इतका वेळ आवरून धरलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तुला लाज नाही वाटत? तुझ्या पुढं गेली ती. अन् तूच तिची वकिली करून राहिलीस?”

रेणूने सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता तिला सगळं कळलं होतं. सरांनाही आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द परत घ्यायला उशीर झाला होता.

खुशी बापाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“खूप राग येत होता मला हिचा. अजूनही येते,” ती म्हणाली. “पण हिला गोंदियाला येऊ द्या पप्पा. ही आली तर तुम्ही हिला घरी बोलावून शिकवाल. मग मलाही बाजूला बसता येईल.”