लॉकवाल्या गाडीचं ऑइल

"हे नगं. दुसरं दाव." मालनबाईंनी डबा काउंटरवरून मागे सारला.

भार्गवीने तो उचलून पुन्हा पुढे ठेवला. "मावशी, ट्रकच्या डिफरन्शियलला, मागच्या चाकांच्या गिअरला, सगळे हेच नेतात."

"सगळ्यांचं मला काय सांगती? ह्या गाडीचं बोल."

नागापूरच्या एमआयडीसीतलं हे ऑइलचं दुकान भार्गवी वडिलांच्या मागे सहा वर्षं चालवत होती. बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं तोंडावर म्हणणारे ड्रायव्हर तिने पुष्कळ पाहिले होते. नऊवारीतल्या, साठीला टेकलेल्या बाईने डबा परत सारावा, हे मात्र पहिल्यांदाच घडत होतं. तिला राग यायला हवा होता. आलं हसू.

पायरीवर एक तिशीचा माणूस उभा होता. गोरक्षनाथ, ट्रकचा ड्रायव्हर. आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"डिफरन्शियल साधं आहे की लॉकवालं?" भार्गवीने त्याला विचारलं.

"लॉकवालं," तो खाली बघत म्हणाला. "उसाच्या रानात एक चाक चिखलात फिराया लागलं, की दुसरं आपसूक जोर धरतंय."

"आणि आत्ता आत काय आहे?"

"हेच. मालकानं पिंपच आनून ठिवलंय."

भार्गवीचं हसू मावळलं. तिने डबा उचलून काउंटरखाली ठेवला.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. चूक माझी. आधी विचारायला हवं होतं. याच्या लॉकमध्ये प्लेटा असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, तेव्हा त्या प्लेटा जरा घसरायला हव्यात. या ऑइलात त्या धरून बसतात. मग मागचं चाक उड्या मारतं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ रेटते."

"रेटती," मालनबाई म्हणाल्या. "ऐकलं का रं?"

गोरक्षनाथने मान हलवली. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. नाव बघून त्याने तो स्पीकरवर टाकला आणि मुकाट्याने काउंटरवर ठेवला.

"मालनबाई, माझ्याकडं पिंप भरून हाय," मालकाचा आवाज आला. "तेच टाका अन् गाडी सोडा. तिकडं उसाचा फड खोळंबलाय."

"गाडी न्हाई सुटायची."

"अवो, झालं ते झालं. किती दिवस धरून बसनार?"

"झालं ते झालंच. पुन्यांदा व्हायला नगं. काष्टी गावापासनं म्या गाडीच्या संगं हाय. हे ऑइल निघाल्याबिगर हलनार न्हाई. पोलीस धाडायचे तर धाड, न्हाई तर तुझा फड हिकडं घिऊन ये."

 "टाका दुसरं एकदाचं," एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

मालकापुढे पोराचं तोंड उघडत नाही, म्हणून आईने पदर खोचलाय, भार्गवीच्या मनात आलं. तिने आतून दुसरे डबे आणले. "यावर एल.एस. लिहिलंय. लॉकवाल्याला हेच."

"कुठं लिवलंय? बोट ठिव."

भार्गवीने बोट ठेवलं. मालनबाईंनी ती दोन अक्षरं वाकून पाहिली, मग आपल्या बोटाने काउंटरच्या धुळीत गिरवली. दोनदा.

शेजारच्या गॅरेजात जुनं ऑइल काढायला घेतलं. मालनबाई ट्रकमागे उकिडव्या बसून राहिल्या. मिस्तरी "झालं" म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून गळतंय." शेवटचा थेंब पडल्यावरच त्यांनी नवं भरू दिलं.

"आता मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवा," भार्गवीने सांगितलं. "म्हणजे ऑइल प्लेटांमध्ये शिरेल."

समोरचा प्लॉट रिकामाच होता. गोरक्षनाथने ट्रक तिथे घातला. मालनबाई चालत गेल्या आणि आठाच्या एका गोलाच्या बरोबर मध्यावर उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला व्हा," त्याने केबिनमधून हाक मारली.

"तू फिरव."

ट्रक त्यांच्या भोवती वळू लागला. पहिल्या फेरीला मागचं चाक थडथडलं. दुसऱ्या फेरीला थोडं कमी. मालनबाईंचा पदर वाऱ्याने उडत होता, पण त्या तसूभर सरकल्या नाहीत. सहाव्या फेरीला आवाज पार गेला. तेव्हा त्यांनी हात वर केला, ट्रक थांबवला आणि केबिनमध्ये चढून बसल्या.

गोरक्षनाथ उरलेला डबा न्यायला दुकानात आला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"दादा, नशीबवान आहात," भार्गवी म्हणाली. "पोरासाठी मालकाला नमवणारी अशी आई कुणाला मिळते? जपा त्यांना."

त्याने डबा उचलला आणि परत खाली ठेवला.

"माझी आई न्हाई वो ती, ताई," तो म्हणाला. "दिवाळीच्या मागं तिचा ल्योक पार्थ वळनावर ह्याच गाडीखाली गेला. मीच चालवत हुतो."